माप

आधी नुसता भाव विचारून गेले.
मंगळवारी, शटर ओढायच्या वेळेला,
स्कूटर बंद न करताच:
"बोंगाळे, राणी रंगाचं कापड काय मीटर पडेल?"
मी म्हणालो, तुमच्या चाळीस दिवसांच्या उपासाला जांभळं लागतं,
राणी नव्हे,
आणि उपास तर सरले, बाजारात आंबे आले.
"हो का," म्हणाले, "सहज विचारलं."
बावीस वर्षांत, बदली कुठंही होवो,
कपडे माझ्याकडेच;
पण सहज म्हणून हा माणूस
दुकानात कधी आला नव्हता.

पुढच्या बुधवारी साडेतीनला घंटा वाजली.
छावणीत साडेतीनची घंटा कुणाच्या कानाला ठाऊक नाही.
समोरचा रद्दीवाला म्हणाला, कुणी गेलं वाटतं.
माझा पाय पॅडलवर तसाच.
मग सिस्टर बेर्नादेत आल्या, पळत,
एक चप्पल पायात, एक हातात:
"आपले फादर लुकास! रोमहून नाव आलं! बिशप!"

आपले म्हणजे कुणाचे, मी मोजत बसलो नाही.
मी नामदेव शिंपी, रामबागेतला,
चर्चची पायरी चढलो असेन ती बिलाच्या पैशांसाठी.
तरी नाकपुड्या हुळहुळल्या.
आणि लक्षात आलं,
आठ दिवस हे पोटात ठेवून,
आईलासुद्धा सांगायची बंदी,
तेव्हा हा माणूस जाऊन जाऊन
कापडाचा भाव विचारत होता.

नवा झगा नको म्हणाले. आहे तो चांगलाय.
तेहतीस बटणं बदल, कडेनं गोट लाव.
क्लॉथ मार्केटात तीन दुकानं पालथी घातली.
एकाकडचा राणी लग्नातला,
एकाकडचा बीट किसल्यासारखा,
तिसऱ्यानं विचारलं, पार्टी कोण?
मी म्हणालो, भिल्लाचा पोरगा आहे, अमलियार,
झाबुआकडचा, आता बिशप झालाय.
त्यानं कात्री ठेवली, आतून दुसरं थान काढलं.

झग्याची खालची दुमड उसवली
तर आत कुसळं.
वर्षानुवर्षं इस्त्रीखाली चपटी झालेली,
कुठल्या पाड्यावरची, कुठल्या पायवाटेची,
ते काही लिहिलेलं नव्हतं.
मी टाकून दिली. लगेच नाही.

ट्रायलला आले तेव्हा डावा खांदा अर्धा इंच उतरलेला.
विधीत काय काय करायचं असतं? विचारून ठेवलेलं बरं.
"जमिनीवर पालथं पडायचं, हात-पाय ताणून.
मग डोक्यावर तेल."
तेल? पांढऱ्यावर?
हसले. "वरून बरंच काही घालतात, बोंगाळे."
तरी छातीत दीड बोट सैल धरलं.
पालथ्या माणसाला श्वास लागतोच,
वरून काहीही घातलं तरी.

निघाले, आणि दारातून परत फिरले.
"एक पोलकं शिवाल? आमच्याकडे झूलकी म्हणतात.
आई येतेय, मेघनगरच्या पलीकडून.
इंदूर पाहिलं नाही तिनं."

माप?

माप नव्हतं.
आईला कुणी टेप लावलेली नव्हती.
त्यांनी दोन्ही हात उचलले,
हवेत समोरासमोर धरले,
जवळ आणले. लांब नेले.
डोळे मिटले. पुन्हा जवळ.
"एवढी.
नाही... नाताळात एवढी होती."

मी गळ्यातली टेप काढली
आणि तळव्यापासून तळव्यापर्यंत
मधल्या हवेला लावली.
पंधरा.
हात थोडे कापत होते, त्यांचे की माझे,
टेप तेवढी लवलव करत होती.

हलू नका, म्हणालो.
आणि ते हलले नाहीत.